सिलिंगमधले वळसे

चित्र पुन्हा फुटलं. मल्लिकार्जुन सरांचा हात फळ्यावर वर गेला, खडू टेकला आणि तेवढ्यात त्यांच्या खांद्याचे हिरवे-जांभळे चौकोन झाले. चौकोन पडद्यावरून खाली ओघळले आणि पडदा निळा पडला.

“गेलं,” वकारभाई म्हणाले. “परत गेलं, बुशरा.”

“दिसतंय मला.”

“दिसतंय तर बोल ना काहीतरी. सर निघाले तिकडून. काय सांगायचं त्यांना?”

मुलींच्या हॉलमधले नवे बाक रिकामे होते, त्यांच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी इथं मुली बसणार होत्या. सर शिकवणार जुन्या इमारतीतल्या मोठ्या हॉलमध्ये, आणि इथल्या मुली त्यांना पडद्यावर बघणार. मधे गच्ची ओलांडणारा एक लांब कॉरिडॉर, आणि त्याच्या सिलिंगमधून आलेली एक केबल. केबलच्या त्या टोकाला मी आखलेला एक सर्किट बोर्ड, या टोकाला दुसरा. वकारभाईंच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये बनलेले. सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टर विकणाऱ्या दुकानानं असलं काही बनवावं हा हट्ट माझा होता.

हट्टाला कारण होतं. अकरावी-बारावी मी लातूरलाच अशा दुसऱ्या हॉलमध्ये बसून केली. टीव्हीवर सर दिसायचे. पण चित्र दाबूनदाबून आलेलं असायचं, फळ्यावरचा घातांक तीन आहे की आठ ते समजायचं नाही. पहिल्या हॉलमधली मुलं हसायची ती का, ते आम्हाला मागून समजायचं. नांदेडला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, चित्र न दाबताही पाठवता येतं. फक्त मग सेकंदाला अब्जावधी बिट एकाच तारेतून पळवावे लागतात, आणि ते पळताना एकमेकांच्या अंगावर पडू नयेत हे बघावं लागतं. तेवढं बघणं म्हणजे माझी नोकरी.

सर आत आले. हाताला खडू तसाच.

“हे बघा वकारभाई, मशीनमधलं मला काही कळत नाही. मला एवढंच कळतं, इथं बसणारी पोरगी औशाहून येती, उदगीरहून येती, शिरूर अनंतपाळहून येती. मायबापाला सोडून येती. तिला मी निळा पडदा दाखवू का?”

“सर, उद्या संध्याकाळपर्यंत—”

“उद्या संध्याकाळी मी स्वतः येऊन बघणार. नाही जमलं तर सोमवारी जुनंच मशीन लावा, आणि पुण्याच्या कंपनीला मी फोन करतो. राग मानू नका.” मग माझ्याकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाले, “बाळ लहान आहे ना तुमचं? घरी जा आता, मॅडम.”

ते मऊ बोलणं मला जास्त लागलं.

सर गेल्यावर वकारभाईंनी बाकावर बूड टेकलं. “बुशरा, तुला माहितीय. हे गेलं तर बोर्डाचं काम बंद करावं लागंल मला. मी परत कॅमेरे विकीन. तुला कॅमेरे विकायला ठेवू का मी? तुला तरी पटंल का ते?”

“एकदा शेवटचं बघते, भाई.”

लॅपटॉपवर मी ट्रान्समीटरची सेटिंग उघडली. सिग्नल किती उंचीचा पाठवायचा ते तिथं ठरतं. मी उंची वाढवली. मग अजून वाढवली. मग होती नव्हती तेवढी सगळी देऊन टाकली. बाळ रडलं की मीही असंच करते. दूध, खुळखुळा, खांदा, गाणं, सगळं एकदम.

पडद्यावर क्षणभर सर नसलेला फळा स्वच्छ उमटला. वकारभाई उठून उभे राहिले. मग तोही फुटला, आणि कॉरिडॉरच्या पलीकडून कोणीतरी ओरडलं, “ओऽ मॅडम, इकडचा टीव्ही बी गेला की!”

शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या केबलमध्ये माझ्या सिग्नलचा आवाज शिरला होता. चालू असलेलंही मी बंद पाडलं.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. अम्मी औशाहून आली होती. माझी लेक कहकशां तिच्या मांडीवर बसून पळीला दात लावत होती. तोवर नवऱ्याचा, मुनीबचा, नांदेडहून फोन आला. त्याला सगळं सांगितलं.

“मग काय झालं? नाही जमलं तर ये निघून इकडं. घर तर आहेच. कहकशां रोज दिसंल मला.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर भांडले असते. तो चांगलंच सांगत होता, आणि म्हणूनच ते टाळणं अवघड होतं. नांदेडला घर होतं, सासू प्रेमाची होती, गच्चीवर तुळस-मोगरासुद्धा लावलेला होता. फक्त तिथं माझा बोर्ड नव्हता. एकदा गेले असते तर परत आले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

“हां,” मी म्हणाले. “बघू उद्या.”

रविवारी सकाळी अम्मी म्हणाली, “मैं भी चलतूं. बच्ची कू तू वहाँ संभालिंगी क्या मशीन कू संभालिंगी?” आम्ही तिघी रिक्षानं क्लासला गेलो. अम्मीनं मुलींचा हॉल एकदा वरून खालून पाहिला, पंख्याकडं पाहिलं, आणि दाराजवळच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली.

“आत बस ना अम्मी, तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट आहे.”

“यहींच ठीक है. ऊपर पंखा नको, कपाट नको. मेरे कू सिकाव नको तू.”

मी केबलचं टोक सोडवून त्याला लांबी मोजायचं यंत्र लावलं. ते केबलमध्ये एक टिचकी मारतं आणि तिचा प्रतिध्वनी किती वेळानं येतो त्यावरून लांबी सांगतं. नकाशात केबल होती पंचावन्न मीटर. माझं सगळं गणित, सिग्नलची उंची, सगळं त्या पंचावन्नवर बसवलेलं होतं.

यंत्रानं नव्वदच्या वर आकडा दाखवला.

मी परत मोजलं. टोक पुसून परत मोजलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून घरून आणलेल्या छोट्या केबलवर मोजलं. ते बरोबर आलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. कॉरिडॉर तर काही रातोरात लांबला नव्हता.

केबल टाकली होती दगडोबामामांनी. वकारभाईंकडं ते सुरुवातीपासून. पांढरा पायजमा, खिशात पक्कड, आणि बोलणं इतकं कमी की दुकानातली पोरं त्यांना ‘सायलेंट मोड’ म्हणायची. त्यांच्या कामात खोट काढायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. मी त्यांना बोलावलं.

“मामा, ही केबल किती टाकली?”

“लागती तेवडी.”

“नकाशात पंचावन्न आहे.”

“आसंल की.”

“मशीन नव्वद सांगतंय.”

मामांनी यंत्राकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. सिलिंगकडं पाहिलं. “मशीन खोटं कामून बोलंल,” ते म्हणाले.

“मग बाकीची कुठंय?”

त्यांनी शिडी उचलली. कॉरिडॉरच्या तोंडाशी, जिथं जुनी इमारत संपून नवी लागते तिथं ती टेकवली, वर चढले आणि सिलिंगचा एक चौकोनी पत्रा बाजूला सरकवला. “या वर.”

मी ओढणी कमरेला खोचून चढले. अंधारात टॉर्च मारला. केबल सरळ येत होती आणि इमारतींच्या सांध्यापाशी तिचे वळसे पडले होते. एकावर एक, गोल, सुबक, चपटी सुतळी बांधून ठेवलेले. जसे आपण दोरखंड गुंडाळून ठेवतो तसे. पण आवळून नाही. ओढलं तर उलगडावं असे सैल. पलीकडच्या तुळईपाशी पुन्हा वळसे. त्याच्यापुढच्या तुळईपाशी पुन्हा.

“प्रत्येक ठिकाणी?”

“जितं जितं जोड हाय तितं.”

“कशासाठी, मामा?”

ते खाली उतरले होते. शिडी धरून उभे. मी वरून विचारत होते, ते खालून बोलत होते, आणि कदाचित म्हणूनच बोलले. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

“म्या लाइनमनच्या हाताखाली होतो गावाकडं. भूकंपाच्या आधी. माज्या घराला खांबावरून वायर म्याच आनली होती. आशी ताणून बांदली होती, बगा, तारंवर चिमनी बसली तरी वाकायची न्हाई. लोक बघायला यायचे. म्हनायचे, दगडोबा, तुजी वायर म्हंजी आखलेली रेघ. त्या राती खांब हालला. वायर तुटंना. वायरीनं चौकट वढली, चौकटीनं भिताड वढलं. आत मानसं होती माजी.”

कॉरिडॉरमध्ये कुठंतरी पाण्याची मोटर चालू झाली.

“तवापसून ढील ठेवतो,” मामा म्हणाले. “हालू द्यावं मानसानं. हाललं तर तुटू ने.”

मी शिडीवरच बसून राहिले. दगड-मातीची ती रुंद भिंत एका वायरीनं पडली नसती, ती तशीही पडणारच होती, हे मला कळत होतं. मला ताणाचं गणित येतं. पण पंचवीस वर्षं एक माणूस लातूरभर, दर सिलिंगमध्ये, दर शोरूममध्ये वळसे ठेवत फिरतो आहे आणि त्याला कोणी विचारलेलंही नाही, यापुढे माझं गणित काढून काय करायचं होतं? भूकंपाच्या वेळी मी तीन वर्षांची. मला आठवत नाही काही. तरी कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी दार कुठंय ते बघते, आणि पाळणा भिंतीपासून हातभर दूर ठेवते.

वकारभाई आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे सापडलं! एवढंच ना? कापून टाक. दगडोबा, ती जास्तीची केबल काप, सरळ ताण, नवी टोकं बसव. तासाभराचं काम आहे.”

दगडोबामामा पक्कड खिशातून काढून हातात फिरवत उभे राहिले.

“दगडोबा, ऐकलं का?”

“ऐकलं. ताणायची आसंल तर दुसरा मानूस बगा, भाई.”

“अरे, दुसरा कुठून आणू रविवारी? सर संध्याकाळी येणार!”

“म्या न्हाई ताणत.”

“अरे बाबा, इथं काय भूकंप येणाराय का आता?”

हे बोलून वकारभाईंनाच कसंतरी झालं. ते स्वतःही त्या वेळी लातुरातच होते. मामांनी पक्कड परत खिशात ठेवली.

माझ्या हातात पक्कड होतीच. मी स्वतः चढून कापली असती तरी कोणी अडवलं नसतं. तासाभरात चित्र आलं असतं, सर खूश झाले असते, आणि मी कहकशांला घेऊन वेळेत घरी गेले असते. नोकरी राहिली असती. मी वर पाहिलं. त्या सांध्याखालून उद्यापासून मुली जाणार होत्या, सकाळ-संध्याकाळ, दप्तरं घेऊन.

“भाई,” मी म्हणाले, “केबल राहू द्या.”

“आता तू पण?”

“दोन इमारतींच्या सांध्यावर ढील हवीच. मामांनी जरा जास्त ठेवलीय, पण चूक नाही ठेवली. चूक माझी आहे. मी पंचावन्न मीटरच्या केबलशी बोलायला शिकवलंय मशीनला, आणि समोर नव्वद मीटर आहे. मला मशीन परत बसवू द्या.”

“आणि नाही बसलं तर?”

“तर संध्याकाळी मीच कापते.”

वकारभाईंनी अम्मीकडं पाहिलं. “समजाव ना खाला, हिला.”

“मैं क्या समजाऊँ,” अम्मी म्हणाली. “बाप पे गई है. वो भी ऐसाच था, पहाड हटिंगा पन वो हटनेका नै.”

मी बसले. आदल्या दिवशी केलेलं सगळं आधी पुसून टाकलं. पण पुन्हा सुरुवात केली तरी हात तिकडंच जात होता, उंची वाढव, अजून वाढव. दर वेळी चुका मोजणारा आकडा भराभर वर चढत होता. आम्हाला लॅपटॉपवर एक आकृती दिसते. येणारे सगळे बिट एकावर एक ठेवले की मधे पापण्या उघडल्यासारखी मोकळी जागा उरते. ती जितकी मोठी तितकं पलीकडच्या बोर्डाला स्वच्छ वाचता येतं. आमच्या धंद्यात तिला डोळाच म्हणतात. माझ्यासमोर डोळा कुठला, नुसता चिखल होता.

दुपारी कहकशां रडायला लागली. अम्मीकडं राहीना. मी तिला कडेवर घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारू लागले, फेऱ्या मारत मोठ्या हॉलच्या मागच्या दारापाशी आले. आत सर रविवारचा शंकांचा तास घेत होते. लाइट गेलेली. इन्व्हर्टरवर दिवे होते पण माइक बंद. हॉल भरलेला, शेवटच्या बाकाच्या मागं मी, आणि तरी सरांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

ते ओरडत नव्हते. हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. उलट त्यांनी आवाज खाली आणला होता. पण प्रत्येक शब्दाचं तोंड ते दाबून, तोडून म्हणत होते. ‘प्र’वेग. ‘ब’ल. ‘घ’र्षण. पुढचं सगळं हलकं सोडून देत होते. मधेच पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठून जोरात, घसा ताणून काहीतरी विचारू लागला, तर त्याचं मला काहीच कळलं नाही. नुसता ‘आ आ’ घुमत राहिला. आधीचं अक्षर पुढच्या अक्षरावर सांडत होतं.

माझ्या कडेवर कहकशां गप्प झाली होती. बहुतेक तीही ऐकत होती.

हे मला पुस्तकात माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. लांबच्या तारेत आवाज मरत नाही, धार मरते. बिट बदलतो त्या जागेवर जोर द्यायचा. तोच बिट पुढं चालू राहिला की हलकं व्हायचं. मी जोर द्यायला तयार होते. हलकं व्हायला तयार नव्हते. ट्रान्समीटरकडं ताकद ठरलेली असते. एकीकडं द्यायची तर दुसरीकडून काढावी लागते. मी दोन्हीकडं भरभरून देत होते आणि ती चिप बिचारी डोकं छताला आपटून घेत होती. काल शेजारची केबल बिघडली तीही त्याच ओरड्यानं.

लाइट येताच मी परत गेले. कहकशांला मांडीवर घेतलं आणि सिग्नलची उंची कमी केली.

“कमी करायलीस?” वकारभाई मागून म्हणाले. “अगं, पोचंना म्हणून तर रडतोय आपण, आन् तू कमी करायलीस?”

“हो.”

“सुचतंय ना तुला काही?”

“भाई, पाच मिनिटं काही बोलू नका.”

उंची खाली, धारेवरचा जोर एक पायरी वर. मोजलं. मग पुन्हा एक पायरी. चिखलात मधोमध एक पांढरी फट दिसली. मला वाटलं, भास झाला. अजून एक पायरी. फट रुंदावली. आता मनात नेहमीचंच सुरू झालं. बिघडेल, हातचं जाईल, इथंच थांब. थांबले नाही. उंची आणखी उतरवली, जोर आणखी एक पायरी वाढवला, बिट बदलण्याच्या आधीचा छोटा धक्काही थोडा दिला. एक पायरी जास्त झाली तेव्हा आकृतीच्या कडा दुमडायला लागल्या. एक मागं आले.

डोळा टक्क उघडा होता.

मी चुका मोजणारा आकडा शून्यावर आणला आणि बघत राहिले. शून्य. सरांचा शंकांचा तास एव्हाना संपला होता; मुलींच्या हॉलच्या पडद्यावर रिकामा फळा दिसत होता, कोपऱ्यात पुसायचं राहिलेलं खडूचं एक टिंब होतं, आणि ते टिंबच होतं, डाग नव्हता. शून्य. कहकशांनं कीबोर्डवर हात आपटला. मी तो धरून ठेवला. शून्य.

“टीव्ही बगा वो तिकडचा!” वकारभाई कॉरिडॉरमध्ये धावले. “चालू हाय का? आं? चालू हाय?” तिकडून कुणीतरी काहीतरी ओरडलं. ते परत आले ते हसतच. “चालू हाय. दोन्ही चालू हायत. या अल्ला, कमी करून चालू केलं पोरीनं!”

दगडोबामामा दारात उभे होते. “मंग,” त्यांनी विचारलं, “कापायची का?”

“नाही, मामा.”

“कुटलीच न्हाई?”

“कुठलीच नाही.”

त्यांनी मान हलवली आणि अम्मीशेजारी सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले. अम्मीनं डब्यातली अर्धी भाकर त्यांच्यापुढं केली. “खाव भाऊ. सुबू से खडेच हैं.” मामा खाऊ लागले.

संध्याकाळी सर आले, फळ्यावर बारीक अक्षरात काहीबाही लिहून गेले, मुलींच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसून ते स्वतःच वाचून आले. चष्मा काढून परत वाचलं. “ठीक आहे,” म्हणाले. “पण खरी परीक्षा उद्या. हॉल भरल्यावर.”

सोमवारी हॉल भरला. बाकांवरचं प्लॅस्टिक निघालं, तेलाचा, नव्या वह्यांचा वास सुटला, डब्यांचे आवाज. मी मागं भिंतीशी लॅपटॉप घेऊन उभी होते. कडेवर कोणी नव्हतं आणि हातांना काय करावं ते समजत नव्हतं. पडद्यावर सर आले. पहिल्या हॉलमध्ये कसलातरी विनोद झाला आणि, हे मी कान देऊन ऐकलं, इथल्या मुली त्याच क्षणी हसल्या. मागून नाही. बरोबर.

तास अर्धा झाला असेल. सरांनी एक लांबलचक उदाहरण मांडलं, उत्तर काढलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. पहिल्या हॉलमधली मुलं उतरवून घेत होती. तेवढ्यात आमच्या चौथ्या-पाचव्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, रिबिनी घट्ट. तिनं शंका विचारायला ठेवलेला समोरचा माइक ओढला आणि त्याच्याकडं भीतभीत बघत म्हणाली,

“सर, तिसऱ्या ओळीत... मायनस राहिलाय.”

पडद्यावर सर थबकले. वळले. फळ्याजवळ गेले. तिसऱ्या ओळीपाशी बोट नेलं. मुलं त्यांच्याकडं बघू लागली, आणि इकडच्या मुली उठलेल्या मुलीकडं.

“कोण बोललं?”

“सर, मी. सृष्टी.”

“कुठली?”

“शिरूर अनंतपाळ.”

“इथं माझ्या नाकासमोर एवढी पोरं बसलीत,” सर म्हणाले, “आणि मायनस सापडला तो तिकडच्या इमारतीत!” त्यांनी खडू उचलून उणे चिन्ह काढलं. बारीकशी आडवी रेघ. ती इकडं पडद्यावर उमटली, आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. आधी दोघी-तिघींनी, मग बाकांवरून उठून सगळ्यांनी. सृष्टी खाली बसली आणि तिनं तोंड ओढणीत लपवलं. शेजारणीनं तिच्या पाठीवर थाप मारली. मीही टाळ्या वाजवत होते. लॅपटॉपवरचा आकडा शून्य होता, पण आता मी तिकडं बघत नव्हते.

तास संपल्यावर सर स्वतः चालत आले. वकारभाई, मी, आणि शिडी घ्यायला आलेले दगडोबामामा, तिघं कॉरिडॉरच्या तोंडाशी होतो.

“काय केलंत शेवटी? केबल सरळ करून घेतली का?”

वकारभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

“नाही सर,” मी म्हणाले. “केबल जशी मामांनी टाकली तशीच आहे. सांध्यावर ढील आहे. इमारत हलली तरी ती तुटणार नाही. मशीन तिच्याप्रमाणं बसवलंय.”

सर वर सिलिंगकडं बघत राहिले. किल्लारीच्या बाजूचेच ते, मला नंतर कळलं. मग मामांकडं वळले.

“नांदेडला शाखा काढतोय आम्ही दिवाळीनंतर. चार हॉल आहेत. येता का तिकडं केबल टाकायला?”

मामांनी खिशावर हात ठेवला. “म्या टाकीन ती आशीच आसती, सर. ढील लई जाती.”

“जाऊ द्या.” सर माझ्याकडं वळले. “आणि मशीन ह्या मॅडमच बसवतील. वकारभाई, पुण्याला फोन करायचा राहिलाच की माझा.”

“राहू द्या सर, राहू द्या,” वकारभाई घाईघाईनं म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. नांदेडला चार हॉल. मुनीबला काय सांगायचं ते मी मनात जुळवू लागले: येते रे बाबा तुझ्या नांदेडला. कामाला येते.

मुली वर्गातून बाहेर पडू लागल्या होत्या. बघता बघता कॉरिडॉर भरला. दप्तरं, बाटल्या, हाका, कुणाची चप्पल सुटलेली, कुणी सृष्टीला ढकलत पुढं आणतंय. मामांनी काल काढलेला सिलिंगचा पत्रा परत बसवला, तळहातानं दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि खाली उतरले. लांब शिडी मिटवून खांद्यावर घेतली.

“जरा सरका गं मायांनो,” ते म्हणाले, पुटपुटल्यासारखं.

एवढ्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटलं नाही. पण सगळ्यात पुढची मुलगी भिंतीला टेकली, तिला बघून तिच्या मागची टेकली, आणि मग एकेक करत दोन्ही भिंतींना मुली दप्तरं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. मधून वाट झाली. दगडोबामामा शिडी सरळ धरून त्या वाटेनं निघाले. घाई नाही, मान खाली नाही. ते पार पलीकडच्या जिन्याशी पोचेपर्यंत एकही मुलगी हलली नाही.